एका जेवणापुरतं भांडं

सासूबाईंनी डोळ्याच्या ऑपरेशनला हो म्हटलं ते एका अटीवर, आणि ती अट डोळ्याची नव्हती, जेवणाची होती. दहा दिवस उताणं पडून राहावं लागणार असेल तर राहीन, म्हणाल्या. पण ज्या भांड्यात दुसऱ्या कोणाचं शिजलं त्यात माझं शिजणार नाही, आणि ज्या पाण्यात दुसऱ्याचं उष्टं भांडं उकळलं त्या पाण्यातून निघालेलं भांडं माझ्या तोंडाला लागणार नाही. एवढं सांभाळता येत असेल तर गाडीची तिकिटं काढा.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. आम्ही अमरावतीला राहत होतो. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, यजमान वकिली करत. सासऱ्यांकडे नांदगाव खंडेश्वरला आजूबाजूच्या चार-पाच गावांची भिक्षुकी होती. ते गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या आणि आपलं सोवळं बरोबर घेऊन आल्या. पितळेची दोन पातेली, तांब्याची कळशी, सोवळ्यात नेसायची धाबळी, एवढाच त्यांचा संसार. त्यांचा उजवा डोळा गावातच गेला होता. सुई मारून मोतीबिंदू बाजूला सारणारा एक माणूस बाजाराच्या दिवशी येई, त्याच्याकडून त्यांनी तो काढवून घेतला. दोन दिवस स्वच्छ दिसलं, मग डोळा सुजला आणि संपला. राहिला होता डावा. त्यातही आता उजेड-अंधारापलीकडे फारसं कळत नव्हतं. माणूस त्या पावलांवरून ओळखत.

अमरावतीच्या डॉक्टरांनी अकोल्याच्या एका धर्मादाय दवाखान्याचं नाव सुचवलं. मोतीबिंदू पिकलाय, आणखी वाट पाहिली तर आतल्या आत फुटेल आणि मग काढूनही उपयोग नाही, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. म्हणजे एकच डोळा आणि एकच संधी. सासूबाईंना हे मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्याशी गोड बोलून काही होत नसे. त्यांनी ऐकून घेतलं आणि वरची अट घातली.

मला कुठल्याही कामाची आधी यादी करायची सवय आहे. घरात त्यावरून थट्टा होते. पण त्या वेळी यादी करण्याआधी मी एकटीच अकोल्याला जाऊन दवाखाना पाहून आले. वॉर्डाच्या मागे लांब व्हरांडा होता. तिथे नातेवाइकांना शेगडीवर स्वयंपाक करायची मुभा होती आणि बायका करतही होत्या. इथवर ठीक. पण मोठ्या सिस्टरांचा नियम कडक होता. व्हरांड्यात शेगडीवर चढलेलं किंवा वॉर्डात गेलेलं प्रत्येक भांडं जेवण झालं की त्यांच्या ताब्यात जायचं. चुलाणावर एक मोठा हंडा सतत उकळत असे. त्यात सगळ्यांची भांडी एकत्र बुडवायची आणि संध्याकाळी परत मिळायची. मागे कधीतरी डोळ्यांची साथ वॉर्डभर पसरली होती, तेव्हापासूनचा नियम. मी विचारलं, मातीचं मडकं आणून फोडून टाकलं तर? त्या म्हणाल्या, मडकी बंद केली आहेत. खापरीवर पाय पडून एक पट्टी बांधलेला पेशंट कोसळला होता.

सासूबाईंच्या दृष्टीने त्या हंड्यातून निघालेलं पातेलं म्हणजे संपलेलं पातेलं. घरून शिजवून नेणं त्यांना मान्य नव्हतं, कारण शिजलेला भात रस्त्यावरून नेला की त्याचं सोवळं गेलं. तेव्हा शिजवायचं तिथेच, खायचं तिथेच आणि भांडं तिथेच टाकून द्यायचं. नळाचं पाणी मात्र चालेल, हे त्यांनी आपण होऊनच ठरवून टाकलं होतं. नळाला विटाळ नसतो, म्हणाल्या. नाहीतर आमची आणखी पंचाईत झाली असती.

दिवसाला दोन नवी पितळी पातेली टाकून देण्याइतकी ऐपत आमची नव्हती, कोणाचीच नसते. मग मी पानांकडे वळले. आमच्याकडे पळसाच्या पानात पानगे भाजतात, त्यामुळे पान विस्तवावर टिकतं हे मला ठाऊक होतं. पण पानगा घट्ट असतो. ऑपरेशननंतर चावायची मनाई, म्हणजे जेवण पातळ: खिमट, पेज, वरणाचं पाणी. मी परसात तीन विटा मांडून पळसाच्या द्रोणात तांदूळ-पाणी घातलं. पाणी होतं तोवर द्रोण जळला नाही, हे पाहून मला बरं वाटलं. पण काड्या टोचलेल्या जागेतून पाणी झिरपायला लागलं, कडा वाळून पेटली आणि तांदूळ शिजायच्या आत द्रोण उकलला. दोन द्रोण एकात एक घालून पाहिले. जरा जास्त वेळ टिकले, एवढाच फरक.

तेव्हा मला धाकट्या दिरांची आठवण झाली. ते अकोल्यात एका जर्मनच्या भांड्यांच्या कारखान्यात होते. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात, का ते मला माहीत नाही. कारखाना म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड, चार हातदाब यंत्रं आणि कानठळ्या बसवणारा आवाज. दीर तिथले मुख्य कारागीर होते आणि हे ते कोणाला विसरू देत नसत. भिक्षुकी सोडून या धंद्यात गेले म्हणून सासूबाई त्यांच्यावर वर्षभर बोलल्या नव्हत्या. ते मनात धरून ते आईची मस्करी करत आणि तिच्यासाठी धावतही.

मी माझी अडचण सांगितली. त्यांनी पानाचा डबा उघडून सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "म्हणजे वहिनी, आईले नवरदेवासारखं रोज नवं भांडं पाह्यजे. ते बी फेकायले."

"फेकायला आणि शिजवायलाही," मी म्हटलं.

"अन् उचलता आलं पाह्यजे. मोडलं नाही पाह्यजे. फुकट पडलं पाह्यजे. अजून काही? झाकणावर तिचं नाव कोरू?"

पण त्यांच्या डोक्यात काम सुरू झालं होतं. सुपारीच्या पुड्या बांधायला एका व्यापाऱ्याकडे मुंबईहून पन्नीची रिळं येत. जर्मनचीच, चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदासारखी, पण त्याहून बरीच जाड. हाताने फाडली तर फाटेल, पण सहज नाही. त्यातलं उरलेलं अर्धं रीळ त्यांनी मागून आणलं. पुढचे तीन रविवार मी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून अकोल्याला जात होते आणि संध्याकाळी परत येत होते. यजमानांना त्या तीन रविवारी स्वतःचा चहा स्वतः करावा लागला.

पहिल्या रविवारी दिरांनी पन्नीचा चौकोन एका लोखंडी वाटीवर ठेवून मुठीने दाबला. वाटी तयार झाली, पण बाजूंना वाटेल तशा चुण्या पडल्या होत्या. पाणी घालून उचलली तर एका बाजूने ती झोपली आणि पाणी त्यांच्या पायजम्यावर. त्यांचं म्हणणं पडलं की पन्नी पातळ आहे, दुप्पट जाड पत्रा घेऊ. मी म्हटलं, दुप्पट जाड घेतला तर ते पातेलंच होईल, मग फेकून देताना तुमच्याच पोटात दुखेल. ते हसले, पण त्यांना पटलं नव्हतं.

चुण्या पडतातच, तर त्या आपल्याला हव्या तशा पाडाव्यात, असं मला गाडीत बसल्या बसल्या सुचलं. समोरच्या बाकावर मूर्तिजापूरला चढलेली एक बाई होती. तिच्या लुगड्याच्या निऱ्या इतक्या कडक होत्या की ती बसली तरी त्या उभ्याच होत्या. एरवी कापड लुळं पडतं, निरी घातली की उभं राहतं. छपराचा पत्रा पन्हळी का असतो त्याचं कारणही हेच. दुसऱ्या रविवारी मी हे दिरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे मले माहीतच होतं. कदाचित असेलही. त्यांनी ओळखीच्या सुताराकडून सागवानी ठसा करून घेतला, एक भाग खोलगट आणि एक त्यात बसणारा, दोघांनाही उभ्या निऱ्या कोरलेल्या. हातदाब यंत्राखाली पन्नी ठेवून दाबली की चहूबाजूंनी सारख्या निऱ्या पडलेली, चार बोटं रुंद तळाची वाटी निघे. तळ सुरुवातीला मधे खाली लोंबत असे. त्याला ठशातच एकात एक दोन गोल वळ्या कोरल्यावर तो ताठ झाला.

खरी डोकेदुखी कडेची होती. पन्नीची कड सुरीसारखी धारदार, आणि उचलताना सगळा भार तिथेच येई. दिरांना तिथे तार घालायची होती, पातेल्याच्या काठाला घालतात तशी. मी त्यांना तारेऐवजी करंजी आठवा म्हटलं. करंजी तेलात फुटू नये म्हणून आपण कडेला मुरड घालतो. मुरड म्हणजे दुसरं काही नाही, कणकेचीच कड पुन्हा पुन्हा आपल्यावर दुमडलेली. मी तिथेच बसून एका वाटीच्या काठाला नखाने मुरड घालून दाखवली. कारखान्यातली माणसं काम थांबवून बघत होती. दीर म्हणाले, "शिकल्या सवरल्या वहिनी अन् जर्मनच्या करंज्या करून राहिल्या." पण तीच कड राहिली. तिसऱ्या रविवारी त्या वाटीत मी व्हरांड्यासारख्याच शेगडीवर वाटीभर खिमट शिजवलं. खाली जाळ थेट लागू नये म्हणून त्यांनी जाड तारेची एक दांडा असलेली चुंबळ वळून दिली होती, त्यावर वाटी बसे आणि चुंबळीच्या दांड्याने उचलता येई. खिमट शिजलं, वाटी उचलली, चालत शेडच्या दारापर्यंत नेली, परत आणली. एक थेंब सांडला नाही. दिरांनी पंचवीस वाट्या दाबून दिल्या, माझ्या हिशेबाला दहा दिवसांच्या वीस आणि पाच फाजील.

घरी आणल्यावर सासूबाईंनी वाटी हातात घेतली. बोटांनी निऱ्या चाचपल्या, मुरड चाचपली. जर्मन मी घरात येऊ देत नाही, पण दवाखाना म्हणजे काही देवघर नाही, म्हणाल्या. मला हायसं वाटलं. आणि मग त्यांनी जे केलं ते आमच्यात कोणीही केलं असतं. नवं भांडं कोणाकोणाचे हात लागून आलेलं असतं. ते चिंच आणि राख लावून घासल्याशिवाय चुलीवर चढत नाही. त्यांनी दुपारी अंगणात पाट मांडला, चुलीतली राख आणि भिजवलेली चिंच मागून घेतली आणि पंचवीसच्या पंचवीस वाट्या आतून-बाहेरून हलक्या हाताने घासल्या, निरी न् निरी. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून बोटांनी घासल्या, आणि बोटांनी घासलं की काही सुटत नाही. ऑपरेशनच्या तयारीतलं हे पहिलं काम त्यांनी खुशीने केलं होतं. मी वाट्या धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि स्वच्छ पंच्यात बांधून ट्रंकेत ठेवल्या. यादीतली त्या ओळीपुढची खूण मी समाधानाने केली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. डॉक्टर घाईतले, पण नीट समजावणारे होते. खोकला नको, कुंथणं नको आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओकारी नको, असं त्यांनी मला सांगितलं. टाके नाजूक आहेत, जोरात ओकारी झाली तर आतलं बाहेर येईल. आणि गोळ्या रिकाम्या पोटी दिल्या तर ओकारी हमखास. पहिला दिवस दुधावर गेला, तेही पळसाच्या द्रोणातून. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीच्या आधी खिमट द्यायचं ठरलं.

दवाखान्याच्या न्हाणीत अंघोळ करून, धाबळी नेसून मी व्हरांड्यात शेगडी पेटवली. वाटी चुंबळीवर ठेवली, तांदूळ-मुगाची डाळ, मीठ, पाणी. पाण्याला आधण येत होतं तेवढ्यात निखाऱ्यांतून चर्र असा आवाज आला. तळाच्या वळीवर एक थेंब धरला होता. पाहता पाहता दोन झाले, मग एका निरीतून बारीक धार लागली आणि शेगडी विझली. मी निखारे पुन्हा फुलवून दुसरी वाटी लावली. तिचंही तेच. तिसरी मी शिजवायला न लावता सूर्याकडे धरून पाहिली. तिच्यात टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके होते. जिथे जिथे दुमड होती तिथे तिथे पन्नी खाल्ली गेली होती. कारखान्यात टिकलेली वाटी घरी येऊन मेली होती, आणि या दोन्हींच्या मधे फक्त अंगणातली ती दुपार होती.

मोठ्या सिस्टर हे सगळं दारातून पाहत होत्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी नुकतंच हंड्यातून काढलेलं एनॅमलचं एक पातेलं पुढे केलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, आजींच्या डोळ्यांना पट्टी आहे. यात शिजवा, यातून भरवा. त्यांना काय कळणार?"

गोळीची वेळ होत आली होती. त्यांना कळलं नसतंच असं मला म्हणवत नाही, कारण एनॅमलवर चमचा वाजला तरी त्या ओळखत. पण खरं सांगायचं तर मी तो विचार फार वेळ केला नाही. ज्या बाईने आपला एकमेव डोळा माझ्या शब्दावर या खाटेवर आणून ठेवला, तिला त्याच डोळ्यावरच्या पट्टीचा फायदा घेऊन फसवायचं मला जमणार नव्हतं. मी सिस्टरांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुमचं तुम्ही पाहा, पण उपाशी गोळी मी देणार नाही आणि गोळी चुकवणारही नाही.

मी आत जाऊन खाटेशी बसले आणि काय झालं ते सासूबाईंना सांगितलं. त्या छताकडे तोंड करून ऐकत होत्या.

"कायनं गळलं?"

"चिंच आणि राखेनं. पन्नी पातळ आहे, खाल्ली गेली."

मला वाटलं, आता म्हणतील, मला घरी घेऊन चला. मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांना हसायची मनाई होती.

"मीच घासलं ना ते. पंचवीसच्या पंचवीस." मग म्हणाल्या, "किती पातळ म्हणली तू? पळसाच्या पानाएवढी?"

"त्याहूनही पातळ, आई."

"जेवण झालं का त्याचं काय करतं?"

"चुरगळून टाकून द्यायचं."

"दुसऱ्या बारीला वापरत नाही?"

"नाही."

"मग सूनबाई, ते भांडं काहून म्हणता तुम्ही सारे? एकदा जेवलं का फेकलं, ते पान. पानाले कोणी चिंच लावून घासते काय? पाण्याचा हात फिरवला का झालं." जराशाने त्यांनी भर घातली, "तुझ्या दिराले सांग, पानं आण म्हणा. अन् मले तोवर दूध-केळं दे. फळाले विटाळ नाही."

मी तशाच द्रोणात केळं दुधात कुस्करून आंब्याच्या पानाच्या चमच्याने भरवलं. सिस्टरांनी अर्धं पोट भरलंय म्हणून अर्धी कुरकुर करत गोळी दिली. दोन तास मी खाटेजवळून हलले नाही. त्यांना मळमळत होतं हे त्यांच्या गिळण्यावरून कळत होतं. त्यांनी ते दाबून धरलं. कसं धरलं ते त्यांनाच माहीत.

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा मुलगा सायकलवरून कारखान्यात निरोप घेऊन गेला. दीर दुपारी आले ते हातात दोन गठ्ठे घेऊन. एक त्याच पन्नीच्या वाट्यांचा, जेवढं रीळ उरलं होतं तेवढ्याच्या, साधारण दीड डझन. दुसरा जाड पत्र्याच्या वाट्यांचा, तोच ठसा, तशाच निऱ्या, पण दणकट. पन्नीची मुरडसुद्धा त्यांनी गडबडीत अर्धवट घातली होती. जाड वाट्यांची मात्र देखणी झाली होती. त्यांनी त्यातली एक जमिनीवर पालथी ठेवली, तिच्यावर टाच देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता आईनं राख लावो का तेजाब लावो. ह्या फुटत नाही."

मी त्यांना आईचा निवाडा सांगितला. पान असेल तर चालेल, भांडं नाही. ते वैतागले. पातळवाली पुन्हा गळली तर काय कराल, तिला ओकारी झाली तर जबाबदार कोण, असं त्यांनी मला व्हरांड्यातच ऐकवलं. त्यांची भीती खोटी नव्हती. मी एवढंच म्हटलं की जी वाटी कारखान्यात टिकली ती पातळच होती, आणि न घासलेली होती. मग पन्नीच्या एका वाटीत पाण्याचा हात फिरवला, तिची मुरड नखाने पुरी केली आणि चुंबळीवर चढवली. दीर तिथेच उकिडवे बसून वाटीच्या तळाकडे बघत राहिले. खिमट शिजलं. संध्याकाळची गोळी सासूबाईंनी भरल्या पोटी घेतली.

पुढचे दिवस एकसारखे गेले. सकाळी आणि संध्याकाळी एकेक वाटी. जेवण झालं की ती चुरगळून कचऱ्याच्या डब्यात, आणि चुंबळ तेवढी सिस्टरांच्या हंड्यात; ती तोंडाला लागत नाही म्हणून सासूबाईंची तिला हरकत नव्हती. एकदा एका वाटीची निरी उकलली, पण तोवर पेज शिजून झाली होती. जाड वाट्यांचा गठ्ठा खाटेखाली तसाच पडून होता. दीर रोज संध्याकाळी येऊन त्याच्याकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघत. वॉर्डातल्या दोन-तीन बायकांनी पन्नीच्या वाट्या कुठे मिळतात म्हणून विचारलं. मिळत नाहीत, असं मी सांगितलं, आणि ते खरंच होतं.

पट्टी सुटली त्या सकाळी डॉक्टरांनी खिडकीचे पडदे लावून घेतले होते. त्यांनी बोटं दाखवली, सासूबाईंनी बरोबर सांगितली. मग डॉक्टरांनी चष्म्याचा तात्पुरता जाड भिंगाचा नमुना त्यांच्या नाकावर ठेवून स्वतःच्या कोटाचं बटण दाखवलं, सासूबाईंनी ते तुटकं आहे हेही सांगितलं. डॉक्टर हसले आणि नमुना त्यांच्या नाकावरच राहू देऊन पुढच्या खाटेकडे गेले. दीर आणि मी दोघेही उभे होतो. सासूबाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या.

अजून दोन दिवस तिथे राहायचं होतं, म्हणून मी नेहमीप्रमाणे खिमट करून आणलं. त्या आता उशीला टेकून बसल्या होत्या. मी चुंबळीसकट वाटी पुढे धरली आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. भिंगामुळे त्यांचा डोळा फार मोठा दिसत होता.

"हे काय आहे?"

"तुमचं जेवण, आई. रोज यातच जेवता आहात."

"एवढं लखलख करते?" त्या म्हणाल्या. "हे तं चांदीच्या वाटीवानी आहे. मले वाटलं पानासारखं काही असेल, काळंहिरवं. हे तं भांडं आहे."

निवाडा त्यांनी दिला होता, तो फिरवायचा अधिकारही त्यांचाच होता. दिरांनी तेवढ्यात खाटेखालून गठ्ठा ओढला आणि जाड वाटी काढून त्यांच्या हातात दिली. बहुधा त्यांना वाटलं, भांडंच म्हणायचं तर मग चांगलं भांडं तरी बघा. सासूबाईंनी ती मुठीत धरून दाबली. ती दबली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी दाबली. नाही दबली.

"कालची कुठे आहे? जेवलेली?"

ती टाकून दिली होती. मी कोरडी, न वापरलेली पन्नीची वाटी दिली. त्यांनी ती मुठीत घेतली आणि मूठ मिटली. निऱ्या आधी जरा अडल्या, मग एकदम खाली बसल्या, आणि मूठ उघडली तेव्हा आत लिंबाएवढा गोळा होता. तो त्यांनी बराच वेळ त्या मोठ्या डोळ्याने न्याहाळला.

"पानच आहे," त्या म्हणाल्या. जाड वाटी त्यांनी दिरांना परत दिली. "हे तुझ्या कारखान्यात ने. विकल्या जाईल."

दिरांनी ती खिशात घातली. मी खिमटाची वाटी सासूबाईंच्या मांडीवरच्या फडक्यावर ठेवली आणि सवयीने आंब्याचं पान दुमडायला लागले. त्यांनी माझा हात बाजूला केला, स्वतःच्या बोटांनी पहिला घास घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाल्या की हिंग मी घालतच नव्हते का, की घालायलाच विसरत होते.